निमजे सिस्टरची सही

एक चिठ्ठी मी फाडली होती. तळहाताएवढी. एका बाजूला आकडेच आकडे, मागच्या बाजूला दोन ओळी. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. वंदनाला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. अकरा वर्षं झाली. त्या चिठ्ठीपायी निमजे सिस्टरांची सतरा वर्षांची नोकरी गेली, आणि नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यांमध्ये त्यांचं जे नाव होतं तेही गेलं. मी मात्र त्याच खुर्चीवर बसून अजून टाइप करतो आहे.

लिहायचं आहे ते सिस्टरांबद्दल. माझ्याबद्दल लागेल तेवढंच.

आमचं सोनोग्राफी सेंटर पहिल्या मजल्यावर. खाली औषधांचं दुकान, शेजारी हाडांचा दवाखाना, समोर लहान मुलांचा. यवतमाळ, गडचिरोलीपासून लोक येतात आणि आल्या आल्या पहिला प्रश्न विचारतात तो चपला कुठे काढायच्या हा. सिस्टरांचं काम तिथूनच सुरू व्हायचं. "राहू दे वं, फरशी गार आहे. आतल्या खोलीत काढजो."

सिस्टर उमरेडच्या. वडील हातमागावर लुगडी विणायचे. नर्सचं शिक्षण जिल्ह्यातल्याच कुठल्याशा गावी झालेलं. लग्न केलं नाही, का ते कोणी विचारलं नाही. रोज सकाळच्या एसटीने यायच्या, सव्वानऊला जिन्यात त्यांच्या रबरी सँडलचा आवाज यायचा. बुटक्या, रुंद हाडाच्या, केस तेल लावून घट्ट बांधलेले. अंगावर पांढरा कोट, कोटाच्या खिशात बडीशेप. आणि चेहरा असा की पहिल्या दिवशी मला वाटलं, ही बाई आपल्यावर कशावरून तरी रागावली आहे.

त्या तपासणीच्या खोलीत हसत नसत. बाहेर बाकांवर हसायच्या, डबा खाताना तर ठसका लागेपर्यंत हसायच्या. पण दाराच्या आत गेल्या की चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा. एकदा मी विचारलंच.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "त्या खोलीत बाई पडल्या पडल्या काय पाहाते सांगा? मशीन तिले समजत नाही. डॉक्टर तिच्याकडं पाहात नाही. मंग ती माह्या तोंडाकडं पाहाते. म्या हासलं तं म्हणते पोरगा आहे. नाही हासलं तं म्हणते पोरगी आहे. म्हणून मी कोणासाठीच हासत नाही. सगळ्याइले सारखं."

मुलगा-मुलगी सांगणं गुन्हा आहे, हा फलक आमच्याकडे तीन ठिकाणी लावलेला आहे. त्यावर बोट ठेवून तोच प्रश्न विचारणारी माणसंही मी पाहिली आहेत. काटोलकडची एक सासू सिस्टरांच्या मागे लागली होती. सून आत कपडे सावरत होती, सासू बाहेर सिस्टरांच्या कानाला.

"बाई, तोंडानं नका सांगू. नुसती मान हालवा."

"मान दुखते माही, मावशी."

"मंग डोळा तं मिटा एक."

"डोळा मिटला तं पोलीस माह्या घरी येतीन, तुमच्या नाही."

"अवं, पण वारस आहे का नाही, तेवढं तं कळू द्या माणसाले!"

"मशीनमंधी लेकरू दिसते, मावशी. वारस दिसत नाही. त्याचं मशीन अजून निघालं नाही."

सगळा बाक हसला. दारात उभी असलेली सूनसुद्धा ओढणी तोंडावर धरून हसली. सासूने आमच्या सेंटरला दोन शिव्या दिल्या आणि जाताना सिस्टरांकडूनच बडीशेप मागून घेतली.

बायकांना समजावून सांगायची त्यांची एक पद्धत होती. पद्धत म्हणजे हट्टच. डॉक्टर चांगले, पण घाईचे; दिवसाला चाळीस बायका. त्यांनी "सब ठीक है" म्हणून हात धुतले, की बाई बाहेर येऊन रिपोर्ट उलटा धरून बसायची. तिथून ती सिस्टरांच्या ताब्यात. बाकावर शेजारी बसायचं, गुडघ्याला गुडघा लावून. एकेक ओळ वाचायची. आणि मग: "आता तू मले सांग, काय समजलं?" बाईला सांगता आलं तरच पुढे. नाही आलं तर पुन्हा पहिल्यापासून, मग बाहेर कितीही गर्दी असो. मी काचेच्या आडून टाइप करत हे दिवसभर ऐकायचो. गरोदरपणातल्या तपासण्यांचं मला जे काही कळतं ते त्या बाकावरून कानावर पडलेलं आहे.

"हा एक्सरे आहे का वं, सिस्टर? लेकराले भाजन."

"एक्सरे नाही. आवाज आहे. तुह्या गावी विहीर आहे नं? वाकून हाक मारली का हाक वापस येते. तशी ही मशीन हाक मारते. आपल्याले आयकू येत नाही, एवढंच. वापस आली त्याचा फोटो."

"मंग फोटोत तं काहीच समजत नाही. नुसतं ढगावानी."

"मलेबी पहिले दोन वर्ष ढगच दिसत होते. तू एका दिवसात काहून घाबरतं?"

शेवटी प्रत्येकीला एक वाक्य ठरलेलं. "साफ आहे म्हणजे आज दिसलं तेवढं साफ. मशीनले सगळंच दिसत नाही. पुढच्या तारखेले ये म्हटलं तं येजो." बाईने हेही म्हणून दाखवायचं. मग सिस्टर रिपोर्टच्या तळाशी शिक्का मारायच्या, 'समजावून सांगितले', आणि त्याखाली सही करायच्या. हा शिक्का त्यांनी स्वतः सदर बाजारातून करून आणला होता. असा शिक्का दुसऱ्या कुठल्या सेंटरात मी पाहिला नाही. डॉक्टर पहिल्यांदा हसले होते, "सिस्टर, आता तुम्हीपण रिपोर्टवर सही करणार?" पण नंतर त्यांनाही ते बरं वाटू लागलं. तक्रारी कमी झाल्या. सही म्हणजे आडवीतिडवी रेघ नव्हे. 'सिंधू निमजे', शाळेच्या वहीत लिहावं तसं, एकेक अक्षर सुटं.

माझं लग्न उशिरा झालं. वंदनाला दिवस राहिले तेव्हा ती छत्तीसची होती. तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी आमच्याच सेंटरात झाली. सोबत रक्ताची तपासणी केली तिचा कागद आला, त्यावर लिहिलं होतं, जोखीम एकास तीनशे. तसले कागद मी रोज पाहायचो. त्या दिवशी मात्र तो आकडा नुसता डोळ्यांसमोर राहिला, आत काही गेलंच नाही. वंदना दोन दिवस जेवली नाही. बाळ मतिमंद होणार, असंच तिने धरलं होतं.

तिसऱ्या दिवशी सिस्टर संध्याकाळची एसटी सोडून आमच्या घरी आल्या. हातात स्टीलचा डबा.

"यात तीनशे दाणे आहेत. म्या सोता मोजले. सगळी अख्खी तूर, अन् एक उडीद. डोळे मिट अन् एक काढ."

वंदनाने काढला. तूर. पुन्हा काढायला लावला. तूर. दहा वेळा काढला, दहाही वेळा तूर.

"म्हणजे बाळ चांगलं आहे?"

"तेही नाही म्हटलं म्या. हा कागद तुले एवढंच सांगून राहिला, का तुह्यासारख्या तीनशे बाया असल्या तं त्यातल्या एकीच्या लेकराले ते असू शकते. ती एक तू आहे का दुसरी कोणी, हे त्याले ठाऊक नाही. ही चाळणी आहे वं, निवाडा नाही. निवाडा पायजे असन तं पोटातलं पाणी सुईनं काढून पाहातात. त्यातबी थोडी जोखीम असते, ते डॉक्टर सांगतीन. अन् सुई नको असन तं नको. हे तुमी दोघं ठरवा. मी नाही, डॉक्टर नाही, तुही सासू तं बिलकुल नाही."

आत माझी आई भांडी जरा जोरात घासू लागली.

"आणि निघालाच तो काळा दाणा, तर?" मी विचारलं.

"तं तो तुमचा दाणा, भाऊ," त्या म्हणाल्या. "मंग मी पुन्हा येईन. मंग पुन्हा बसू."

आम्ही सुईची तपासणी केली. वीस दिवसांनी रिपोर्ट आला, काही नव्हतं. मुलगी झाली. आता तेरा वर्षांची आहे. बारशाला सिस्टरांनी उमरेडहून दुपटं आणलं, हातमागाचं. ते किती वापरलं तरी विटलं नाही.

एवढं सगळं त्यांनी माझ्यासाठी केलं होतं, हे मला ठाऊक होतं, आणि तरी पुढचं मी केलं.

माझ्या कंप्युटरमध्ये एक फाईल होती. तिचं नाव 'नॉर्मल'. सगळ्या टायपिस्टांकडे असते. तिच्यात बाळाचं डोकं, मणका, हृदय, पोट, दोन्ही किडन्या, हातपाय, सगळं व्यवस्थित, असं आधीच लिहिलेलं असतं. डॉक्टर तपासताना एका चिठ्ठीवर आकडे खरडायचे, चिठ्ठी माझ्याकडे यायची. मी फाईल उघडायची, नाव बदलायचं, आठवडे बदलायचे, मापं बदलायची, छापायचं. काही वेगळं असेल तर तेवढी ओळ बदलायची. माझा वेग सगळ्या धंतोलीत माहीत होता. मला त्याचा अभिमान होता.

सिस्टरांनी ती फाईल एकदा माझ्या खांद्यावरून पाहिली.

"हे काय आहे, भाऊ? नाव नाही, गाव नाही, अन् लेकरू बरं आहे म्हणून लिहून आहे?"

"नॉर्मलची फाईल. नंतर नाव टाकतो."

"म्हणजे बाई अजून जिना चढून राहिली अन् तिच्या लेकराचं हृदय, किडनी, सगळं तुमच्या कंप्युटरात बरं होऊन बसलं?"

"बदलायचं असलं की बदलतो ना, सिस्टर."

"अन् बदलाचं राहिलं तं?"

"दिवसाला चाळीस फायली असतात."

"चाळीस बाया असतात. कोरं ठेवत जा, भाऊ. डॉक्टरनं पाहिलं तेवढंच लिहीत जा."

मी हसलो. "तुम्ही तर लग्नपत्रिका छापणाऱ्यालाही आधीच गणपती छापून ठेवू देणार नाही," असं काहीतरी म्हणालो. त्याही हसल्या आणि गेल्या. त्याबद्दल पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

तो सोमवार होता. माझी मुलगी जेमतेम सहा महिन्यांची होती. भिवापूरकडच्या एका गावची रंजना नावाची बाई, पाचवा महिना, पहिलटकरीण. नंबर एकतीस. पाचव्या महिन्यातली तपासणी म्हणजे बाळाचा एकेक अवयव पाहायचा असतो, वेळ लागतो, चिठ्ठी भरते. चिठ्ठीची एक बाजू भरली की डॉक्टर खाली कोपऱ्यात बाण काढायचे. बाण म्हणजे मागे पाहा. मला हे माहीत होतं. त्या चिठ्ठीवर बाण होता. मी तो पाहिला नाही. मागे वळवून पाहिलं नाही. नॉर्मलची फाईल उघडली, नाव टाकलं, मापं टाकली, छापली. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे सहा-सात रिपोर्ट एकदम घेऊन उभ्याउभ्या सह्या केल्या.

दहा मिनिटांनी सिस्टर माझ्या काचेशी आल्या. हातात रंजनाचा रिपोर्ट.

"भाऊ, या पोरीच्या लेकराच्या किडनीचं डॉक्टर काहीतरी बोलल्यासारखे वाटले मले. इथं तं दोन्ही बरोबर लिहून आहे."

मी चौतिसावा रिपोर्ट टाइप करत होतो. "चिठ्ठीत आहे तेच लिहिलंय."

"चिठ्ठी पाहिली नं?"

"पाहिली."

चिठ्ठी माझ्या डाव्या हाताशी होती, पेपरवेटखाली. हात लांब करायचा होता फक्त. सिस्टर क्षणभर थांबल्या, आतल्या बंद दाराकडे पाहिलं, आत पुढची बाई होती. मग त्या बाकाकडे गेल्या. थोड्या वेळाने मला रंजनाचा आवाज आला. पाठ म्हणावं तसा. "लेकरू बरं आहे. आज दिसलं तेवढं साफ आहे." मग शिक्क्याचा आवाज.

वर्षभराने फोन आला. रंजनाची मुलगी आठ महिन्यांची झाली होती. जन्मल्यापासून ताप यायचा, जायचा. गावातले डॉक्टर तापाचं औषध द्यायचे. शेवटी नागपूरला आणली. लघवीत जंतू, आणि तो जंतूंचा त्रास कित्येकदा होऊन गेलेला. दोन्ही किडन्या खराब झालेल्या. लहान मुलांच्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांना विचारलं, तुमच्या रिपोर्टमध्ये सगळं बरोबर कसं? रंजनाचा नवरा आणि तिचा भाऊ दुसऱ्या दिवशी येणार होते. मशीनमधले फोटो तोवर पुसले गेले होते. डॉक्टर मला म्हणाले, "मला आठवतं, मी लिहिलं होतं. चिठ्ठी शोध."

जुन्या चिठ्ठ्या आम्ही महिन्यामहिन्याचे गठ्ठे बांधून ठेवायचो. दुपारच्या सुट्टीत मी गठ्ठा सोडला. चिठ्ठी सापडली. बाण दिसला. उलटली. डॉक्टरांच्या तुटक इंग्रजीत दोन ओळी होत्या: दोन्ही किडन्यांत सूज. चार आठवड्यांनी पुन्हा पाहणे, जन्मानंतर बाळाची सोनोग्राफी.

एवढंच. बऱ्याच बाळांची ती सूज आपोआप उतरते, हे मी बाकावरून शंभरदा ऐकलं होतं. नुसतं लक्ष ठेवायचं असतं. मुलगी जन्मली तशीच जन्मली असती, पण पहिल्याच तापात कुठे पाहायचं ते आईला कळलं असतं.

मला काही वाटलं, असंही सांगता येत नाही. मी चिठ्ठीचे चार तुकडे केले, मग आठ, आणि बायकांच्या पोटावरचं जेल पुसलेल्या कागदांच्या पिशवीत टाकले. ती पिशवी रोज चार वाजता जायची. पलीकडच्या खोलीतून सिस्टरांनी हाक मारली, "भाऊ, या न, डबा थंडा होऊन राहिला." मी गेलो. त्यांनी आणलेलं वांग्याचं भरीत होतं. मी दोन पोळ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत आम्ही सहाजण होतो. डॉक्टर, सिस्टर, मी, रंजना, तिचा नवरा, तिचा भाऊ. नवऱ्याने रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. तिचा भाऊ बोलत होता, नवरा नाही. रंजना मुलीला मांडीवर घेऊन बसली होती.

"चिठ्ठी?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"नाही सापडली, सर. पण मी चिठ्ठीवर असेल तेच टाइप करतो."

"मी बोललो होतो," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. "खोलीत बोललो होतो. सिस्टर, तुम्ही तिथे होतात."

"होती," सिस्टर म्हणाल्या.

"मग?"

सिस्टरांनी रिपोर्ट ओढून घेतला, खालच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "सही माही आहे. डॉक्टर काहीतरी बोलले हे म्या आयकलं होतं. पक्कं करून घेतलं नाही. कागदावर होतं ते सांगतलं."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. डोळे मोठे केले नाहीत, मान हलवली नाही. मी काही बोलेन का, एवढंच पाहत होत्या. खोलीत एसीचा आवाज होता. मी माझ्या हातांकडे पाहत होतो.

रंजना तेवढ्यात पहिल्यांदा बोलली. "तुमी मले म्हणायले लावलं, सिस्टर. बरं आहे म्हणून तीनदा म्हणायले लावलं."

सिस्टर म्हणाल्या, "हो."

ते लोक कोर्टात गेले नाहीत. मुलीला घेऊन दवाखान्याच्या चकरा मारण्यातच त्यांची ताकद संपत होती. डॉक्टरांनी सिस्टरांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सतरा वर्षांचं सामान एका कापडी पिशवीत मावलं. शिक्का त्यांनी टेबलावर ठेवला. मी जिन्यापर्यंत गेलो.

"भाऊ," तिसऱ्या पायरीवर त्या थांबल्या, "म्या तुमाले विचारलं होतं."

"हो, सिस्टर."

"तुमी म्हटलं, पाहिली."

"हो."

"विचारून मी थांबली, ते माह्यं चुकलं. दार ढकलून आत जाऊन डॉक्टरले विचाराले पायजे होतं. दहा पावलं होती. तेवढं म्या कबूल केलं. तुमचं मी बोलली नाही. ते तुमचं आहे."

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. बस किती वाजताची ते सांगावं, अशा आवाजात म्हणाल्या. आणि खाली गेल्या.

लोकांनी मात्र सगळंच त्यांचं केलं. निमजे सिस्टर सांगायला विसरली आणि एका पोरीच्या किडन्या गेल्या, अशी ती गोष्ट गल्लीत फिरली. दोन दवाखान्यांनी त्यांना घेतो म्हणून सांगून घेतलं नाही. आमच्या काउंटरवरच्या शीतलने माझ्यासमोर कोणाला तरी हीच गोष्ट सांगितली, मी टाइप करत राहिलो. नॉर्मलची फाईल मी त्या आठवड्यात पुसून टाकली. तेव्हापासून प्रत्येक रिपोर्ट कोऱ्या पानावरून लिहितो. वेग अर्धा झाला. हे प्रायश्चित्त वगैरे नाही. भीती आहे.

त्यानंतर सिस्टरांचं अधूनमधून कानावर यायचं. उमरेडला घरीच असतात, आजूबाजूच्या गरोदर बायका रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे येतात. कोणी म्हणालं, त्या रंजनाच्या गावी जातात. मी ते खरं मानलं नाही.

या उन्हाळ्यात किडनीच्या दवाखान्यासमोर त्या मला दिसल्या. मी स्कूटर लावून औषध घ्यायला निघालो होतो. कडुनिंबाखालच्या बाकावर सिस्टर, केस सगळे पांढरे, शेजारी एक बाई आणि तोंडाला मास्क लावलेली एक मुलगी, वयाच्या मानाने फारच लहान दिसणारी. मुलगी रिपोर्टमधले आकडे वाचत होती.

"मागच्या बारीपेक्षा वाढलं का कमी झालं?" सिस्टर विचारत होत्या.

"वाढलं."

"किती वाढलं, ते सांग. डॉक्टरले विचाराचं असन तं आपल्याले ठाऊक पायजे."

मी वळणार होतो. त्यांनी पाहिलं. "अरे, भाऊ! या, या."

मी गेलो. माझ्या हातात हेल्मेट होतं.

"रंजना, हे भाऊ. आपल्या सेंटरमंधी टाइप कराचे. अजून तिथंच आहे नं, भाऊ?"

"तिथेच आहे."

रंजना उठली, तिने मला हात जोडले. तिने मला ओळखलं नव्हतं. त्या खोलीत त्या दिवशी मी एक माणूस बसलेला होतो, एवढंच. तिने आपण होऊन सांगायला सुरुवात केली. मुलीला आता नवीन किडनी लागणार. ती स्वतः देणार आहे, तिच्या तपासण्या चालू आहेत. गेली दहा वर्षं सिस्टर प्रत्येक चकरेला सोबत येतात, उमरेडहून एसटीत चढतात.

"पहिल्यांदा घरी आल्या तं म्या दारातून हाकललं यायले, भाऊ. काय काय बोलली मी! तिसऱ्यांदा आल्या तवा बसू देल्लं. म्हणे, माह्याकडून चुकलं. दुसरं काही नाही म्हटलं. चुकलं म्हणणारं माणूस कोठी भेटते, सांगा बरं?"

मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि थोडं सरकल्या. एका माणसाची जागा झाली. मग त्या वाट पाहत राहिल्या. रंजनाही सरकली, मला बसायला सांगत होती. मुलगी माझ्याकडे पाहत होती.

"बस सुटेल माझी," मी म्हणालो.

रंजनाने माझ्या हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं. मग ती उगाच हसली, मोठ्या माणसाचं खोटं झाकावं तशी. "हो, हो, या तुमी." सिस्टरांनी पिशवी पुन्हा खाली ठेवली नाही. मी रस्ता ओलांडला, स्कूटर काढली, आणि औषध न घेताच घरी आलो.

हे सगळं मी लिहिलं, म्हणजे ते सांगून झालं असं नाही. कागदावर लिहायची मला सवयच आहे. आज ही पानं वंदनाला वाचायला देणार आहे. पण मी देणं लागतो ते रंजनाचं. तिच्यासमोर बसून मला तिला सांगायचं आहे की चिठ्ठीच्या मागे लिहिलेलं होतं आणि मी ते टाइप केलं नाही. सिस्टरांनी विचारलं तेव्हा मी न पाहता पाहिली म्हणालो. आणि सापडलेली चिठ्ठी मी फाडली. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.